'सेक्युलर' शब्दाची पाच भाषांतरे

राज्यघटनेच्या उद्देशिकेतील 'सेक्युलर' हा शब्द ठेवावा की काढावा, हा वाद काही वर्षांच्या अंतराने पुन्हा पुन्हा उपस्थित होत असतो. तो काढून टाकावा अशी मागणी करणारे अर्ज सर्वोच्च न्यायालयाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी फेटाळले. पुढे सात महिन्यांनी, आणीबाणीला पन्नास वर्षे झाल्याच्या निमित्ताने, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे सरकार्यवाह दत्तात्रेय होसबाळे यांनी 'समाजवादी' व 'सेक्युलर' हे दोन शब्द उद्देशिकेत राहावेत काय याचा विचार व्हावा असे सुचविले. लागलीच दोन्ही बाजूंनी निवेदने निघाली. जुलै २०२५ मध्ये कायदामंत्री अर्जुन राम मेघवाल यांनी राज्यसभेत लेखी उत्तर देऊन, हे शब्द वगळण्याचा सरकारचा बेत नाही असे सांगितले व तेवढ्यापुरता वाद शमला.

या सर्व गदारोळात एक साधा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. ज्या शब्दासाठी हे भांडण चालले आहे तो शब्द आपल्या भाषेत कोणता? इंग्रजीत तो एकच आहे. आपल्याकडे तो एक नाही. बडोद्यासारख्या शहरात राहणाऱ्या मराठी कुटुंबास याचा अनुभव घरबसल्या घेता येतो. घरातील वडीलधाऱ्यांच्या मराठी पुस्तकात भारत हे 'धर्मनिरपेक्ष' गणराज्य आहे. नातवाच्या गुजराती पाठ्यपुस्तकात तेच गणराज्य 'बिनसांप्रदायिक' आहे. घटनेच्या अधिकृत हिंदी पाठात ते 'पंथनिरपेक्ष' आहे. हैदराबादेस स्थायिक झालेल्या आपल्या नातलगांची मुले तेलुगूत तेच वाक्य वाचतात, तेव्हा त्यांना 'लौकिक' गणराज्य भेटते. आणि बेळगावकडील मंडळींना तर, कर्नाटकातील ज्या राजकीय पक्षाच्या नावापुढे इंग्रजीत कंसात 'सेक्युलर' लिहितात, त्याचे कानडी नाव 'जात्यतीत जनता दल' असे दिसते. मराठी पत्रे त्याच पक्षाला 'निधर्मी जनता दल' म्हणतात.

धर्माची अपेक्षा नसलेला, पंथाची अपेक्षा नसलेला, संप्रदायाचा नसलेला, या लोकीचा आणि जातीच्या पलीकडचा. हे पाच अर्थ एकमेकांचे भाऊबंद असतील, पण एक खचित नव्हेत. तेव्हा मूळ शब्द काय म्हणतो हे प्रथम पाहिले पाहिजे.

लॅटिन भाषेत 'सेक्युलुम' म्हणजे एक पिढी, एक युग, माणसाच्या दीर्घ आयुष्याएवढा काळ. फ्रेंचमध्ये शतकाला जो 'सिएक्ल' शब्द आहे तो याच घराण्यातला. रोमन लोक एका 'सेक्युलुम'च्या अंती मोठा उत्सव करीत. सम्राट ऑगस्टसने ख्रिस्तपूर्व १७ मध्ये केलेला प्रसिद्ध आहे. गंमत अशी की शब्दाचा हा जुना, कालवाचक अर्थ आजही जिवंत आहे, पण तो राजकारणात नव्हे तर बाजारात. वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पानांवर 'सेक्युलर' तेजी असा प्रयोग आढळतो. त्या तेजीचा धर्माशी काही संबंध नसतो. दीर्घकाळ टिकणारी तेजी एवढाच त्याचा अर्थ.

ख्रिस्ती धर्मसंस्थेने हा शब्द घेतला आणि 'युग' याचा अर्थ 'हे जग' असा केला. एकीकडे ईश्वराचे शाश्वत राज्य, दुसरीकडे हे काळाच्या कचाट्यातले जग. म्हणून मठात राहून एखाद्या संघाच्या नियमांनी बांधलेले पाद्री एक, आणि मठाबाहेर, गावात, लोकांत राहून चर्च सांभाळणारे पाद्री दुसरे. या दुसऱ्यांना 'सेक्युलर' पाद्री म्हणत, आणि आजही म्हणतात. आपल्या गोव्यात पोर्तुगीज काळात हा भेद फार तीव्र होता. जेझुइट, फ्रान्सिस्कन इत्यादी संघांची दारे स्थानिक गोमंतकीयांस बहुधा बंद असत, म्हणून गोमंतकीय पाद्री मुख्यत्वे 'सेक्युलर' वर्गातच असत. म्हणजे, आज ज्या शब्दाचा अर्थ कित्येकजण 'धर्म न मानणारा' असा करतात, तो शब्द कोकण किनाऱ्यावर शेकडो वर्षे धर्मगुरूंच्या नावापुढे लागत होता. त्या काळच्या कोणास यात विसंगती वाटली नसती. तो धर्माचाच माणूस. फक्त त्याचे काम या जगात.

शब्दाला आजचे वळण मिळाले ते इंग्लंडात. जॉर्ज जेकब होलिओक नावाचा एक व्याख्याता होता. ईश्वरनिंदेच्या आरोपावरून १८४२ साली त्यास सहा महिन्यांची कैद झाली. 'नास्तिक' म्हणवून घेणे त्यास अडचणीचे वाटू लागले, कारण नास्तिक म्हटला की तो नीतिभ्रष्ट असलाच पाहिजे अशी लोकांची समजूत. म्हणून १८५१ साली त्याने 'सेक्युलॅरिझम' हा नवा शब्द घडविला. माणसाचे कल्याण या जगातील साधनांनी, या जगातील अनुभवाच्या आधारे साधावे. परलोकाचा निर्णय ज्याचा त्याने करावा, असे त्याचे म्हणणे. ही झाली एक शाखा. त्याच्याच चळवळीतला चार्ल्स ब्रॅडलॉ याला हे मिळमिळीत वाटले. इहवादी माणूस अखेर नास्तिक झालाच पाहिजे असा त्याचा आग्रह. दोघांचा या मुद्द्यावर जाहीर वादही झाला. हे ब्रॅडलॉ म्हणजेच १८८० साली पार्लमेंटवर निवडून येऊनही शपथेच्या प्रश्नापायी १८८६ पर्यंत ज्यांना आपली जागा मिळाली नाही ते गृहस्थ. हिंदुस्थानचे कैवारी म्हणून त्यांची ख्याती होती, आणि १८८९ च्या मुंबई काँग्रेसला ते स्वतः आले होते. १८९१ मध्ये त्यांच्या अंत्ययात्रेस लंडनमधील बहुतेक हिंदी विद्यार्थी गेले. त्यांत मोहनदास गांधी हा विद्यार्थीही होता.

म्हणजे हा शब्द आपल्या किनाऱ्याला लागला तेव्हाच त्याच्या पोटात दोन अर्थ होते. एक, धर्माला न दुखविता या जगाचा कारभार वेगळा ठेवणारा; दुसरा, धर्माला आव्हान देणारा. आज 'सेक्युलर' म्हटले की एकाच्या डोळ्यांपुढे समंजस माणूस उभा राहतो आणि दुसऱ्याच्या डोळ्यांपुढे देवळाला नाक मुरडणारा, याचे मूळ त्या होलिओक-ब्रॅडलॉ वादापर्यंत मागे नेता येते.

आता मराठीकडे वळू. ख्रिस्ती परंपरेतील 'सेक्युलर' आणि 'रिलिजस' ही जोडी मराठी माणसास परकी नाही. आपल्याकडे ती 'प्रपंच' आणि 'परमार्थ' या नावांनी संतांच्या काळापासून नांदत आहे. प्रपंच नेटका करावा की टाकून द्यावा, दोन्ही एकत्र साधतात काय, यावर जितका विचार मराठीत झाला आहे तितका फार थोड्या भाषांत झाला असेल. परंतु 'प्रापंचिक राज्य' असे कोणी म्हणणार नाही. ऐकणाऱ्यास हसू येईल. 'प्रपंच' शब्दाला चूल, मुलेबाळे आणि वाणसामान यांचा वास चिकटला आहे. त्यापेक्षा 'ऐहिक' बरा, आणि त्यावरून पंडितांनी 'इहवाद' केला. मूळ लॅटिन शब्दाच्या सर्वांत जवळ जाणारा मराठी शब्द हाच, असे माझे मत आहे. आगरकरांनी १८८८ मध्ये काढलेल्या 'सुधारका'तून जी विचारसरणी मांडली तिला आज आपण इहवादीच म्हणतो. पण हा शब्द ग्रंथांतच राहिला. निवडणुकीच्या सभेत 'आम्ही इहवादी आहोत' असे म्हणून मते मागणारा पुढारी निघणे कठीण.

तेलुगूने घेतलेला 'लौकिक' हाही तितकाच नेमका शब्द. लोक म्हणजे हे जग, आणि लौकिक म्हणजे या जगातले. मराठीत मात्र त्याची वाट आधीच अडलेली होती. 'मुलाने घराण्याचा लौकिक वाढविला' असे आपण म्हणतो, त्यात कीर्ती अभिप्रेत असते. 'लौकिक गणराज्य' म्हटले तर मराठी वाचक त्याचा अर्थ 'नावाजलेले गणराज्य' असा करील!

गुजराती 'बिनसांप्रदायिक' हा शब्द आपल्या कानांवर रोज पडतो, पण मराठी मनाला त्याचा खरा भाव चटकन लागत नाही. गुजराती-हिंदीत 'सांप्रदायिक' हे दूषण आहे. धर्माधर्मांत तेढ माजविणारा असा त्याचा अर्थ. मराठीत 'सांप्रदायिक' म्हणजे वारकरी संप्रदायातला, समर्थ संप्रदायातला. त्यात दूषण कसले? हिंदी-गुजरातीत ज्याला 'सांप्रदायिक दंगल' म्हणतात तिला आपण मराठीत 'जातीय दंगल' म्हणत आलो. १९३२ च्या कम्युनल अवॉर्डला मराठी पत्रांनी 'जातीय निवाडा' असेच नाव दिले. येथे 'जात' म्हणजे कुणबी, ब्राह्मण, सुतार नव्हे. हिंदू, मुसलमान, शीख या जमाती. ही चावी हाती आली म्हणजे कानडी 'जात्यतीत' शब्दाचेही कोडे उलगडते. कानडीने 'सेक्युलर'चा अर्थ 'कम्युनल नसलेला' असा घेतला आणि आपल्याच जुन्या पद्धतीने त्याला 'जातीच्या पलीकडचा' म्हटले.

राहिला आपला 'धर्मनिरपेक्ष'. त्याच्याआधी, स्वातंत्र्यानंतरच्या दशकात, मराठी पत्रांत 'निधर्मी राज्य' हा शब्द प्रचलित होता. त्याने फार नुकसान केले. 'निधर्मी' हे आपल्याकडे शिवीवजा विशेषण आहे. ज्याला धर्म नाही त्याला धरबंध नाही असे सामान्य माणूस समजतो. 'धर्मनिरपेक्ष' त्यापेक्षा सौम्य. परंतु त्यातही 'धर्म' हा शब्द आहेच, आणि तो इंग्रजी 'रिलिजन'च्या मापाचा नाही. शेजारधर्म, राजधर्म, धर्मशाळा, पुत्रधर्म यांतला धर्म कोणत्याही देवळात वा मशिदीत राहत नाही. 'धर्मादाय' म्हणजे दानधर्मासाठी काढलेली रक्कम. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायद्याने नेमलेल्या चॅरिटी कमिशनरास महाराष्ट्रात आपण 'धर्मादाय आयुक्त' म्हणतो, आणि हा अधिकारी देवस्थाने, दर्गे, चर्च, वाचनालये व इस्पितळे या सर्वांचे हिशेब एकाच दप्तरात पाहतो. पदाच्या नावात 'धर्म', आणि काम पूर्णपणे सेक्युलर! अशा भाषेत राज्यास 'धर्माची अपेक्षा नाही' असे म्हटले की, राज्याला कर्तव्याचीही चाड नाही असा ध्वनी निघतो. ही तक्रार निराधार नाही. २६ नोव्हेंबर २०१५ रोजी त्या वेळचे गृहमंत्री राजनाथ सिंह यांनी लोकसभेत, 'सेक्युलर'चा अनुवाद 'धर्मनिरपेक्ष' नसून 'पंथनिरपेक्ष' आहे असे जे आग्रहाने सांगितले, त्यामागे हीच भूमिका होती. हिंदी पाठात तो शब्द आहेच.

परंतु 'पंथनिरपेक्ष' शब्दाने एक अडचण जाऊन दुसरी येते. राज्य पंथांविषयी तटस्थ, पण धर्माविषयी नव्हे असे म्हटले, तर धर्म कोणता व पंथ कोणता हे ठरविणार कोण? आपल्याला जे सर्वव्यापी व सनातन वाटते त्याला धर्म म्हणावयाचे आणि शेजाऱ्याला जे तितकेच सनातन वाटते त्याला पंथ म्हणावयाचे, अशी वाटणी करणे बहुसंख्याकास फार सोपे असते. तो हे कपटाने करतो असे नव्हे; त्याला ते स्वाभाविकच वाटते. नेपाळने ही गोष्ट उघड उघड केली. त्या देशाच्या २०१५ च्या घटनेत राष्ट्र 'धर्मनिरपेक्ष' म्हणविले आहे, आणि लगेच त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात, धार्मिक व सांस्कृतिक स्वातंत्र्याबरोबर सनातन काळापासून चालत आलेल्या धर्म-संस्कृतीचे संरक्षण असा त्याचा अर्थ दिला आहे. शब्द एक, पण व्याख्येने त्याला कोठे नेऊन ठेवले पाहा.

आपल्या घटना समितीत काय झाले तेही ध्यानात घेतले पाहिजे. १५ नोव्हेंबर १९४८ रोजी प्रा. के. टी. शाह यांनी पहिल्या कलमात 'सेक्युलर, फेडरल, सोशॅलिस्ट' हे शब्द घालण्याची सूचना मांडली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. त्यांच्या उत्तराचा भर 'सोशॅलिस्ट' शब्दावर होता. समाजाची आर्थिक घडी कशी असावी हे घटनेने कायमचे बांधून टाकू नये, पुढच्या पिढ्यांनी ते ठरवावे, असे ते म्हणाले. सूचना नामंजूर झाली. पुढे १७ ऑक्टोबर १९४९ रोजी उद्देशिकेवर चर्चा झाली तेव्हा ह. वि. कामत यांनी 'ईश्वराच्या नावाने' असा आरंभ करावा म्हणून सूचना आणली. मतदान झाले, ४१ विरुद्ध ६८ मतांनी तीही पडली. देवाचे नाव नको आणि 'सेक्युलर'चेही नको, असा त्या सभेचा निर्णय होता असे म्हणता येईल. १९४९ ची मूळ उद्देशिका म्हणून शब्दाविना राहिली.

तथापि 'सेक्युलर' हा शब्द मूळ घटनेत मुळीच नव्हता ही समजूत चुकीची आहे. तो होता, आणि अजून तेथेच आहे. फक्त तो दर्शनी दारावर नसून आतल्या खोलीत आहे. पंचविसावे कलम प्रत्येकास धर्माचे पालन व प्रचार करण्याचे स्वातंत्र्य देते, आणि त्याच्याच दुसऱ्या पोटकलमात, धर्माचरणाशी निगडित अशा आर्थिक, वित्तीय, राजकीय 'किंवा अन्य सेक्युलर' व्यवहाराचे नियमन करण्याचा अधिकार राज्यास देते. येथे शब्द होलिओकच्याही मागे, थेट त्या गोव्याच्या पाद्र्यांपर्यंत जातो, म्हणजे 'ऐहिक'. घटनेच्या हिंदी पाठात या ठिकाणी 'लौकिक' हा पर्याय वापरला आहे. म्हणजे एकाच घटनेच्या एकाच हिंदी पाठात एकाच इंग्रजी शब्दाला उद्देशिकेत 'पंथनिरपेक्ष' आणि पंचविसाव्या कलमात 'लौकिक' असे दोन पर्याय आहेत. भाषांतरकारांनी चूक केली असे मी म्हणणार नाही. शब्दच दोन ठिकाणी दोन कामे करतो, हे त्यांनी प्रामाणिकपणे दाखविले.

आणि गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत न्यायालयांनी जो खरा ऊहापोह केला आहे तो मुख्यत्वे या आतल्या खोलीतल्या शब्दावर. देवस्थानाची जमीन खंडाने देणे हा धर्म की व्यवहार? नैवेद्य कोणता दाखवावा हा धर्म. नैवेद्यावर किती खर्च व्हावा हा व्यवहार, असे साधारण मापाने ठरत गेले. १९५४ साली मद्रासकडील शिरूर मठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही सीमारेषा आखण्यास आरंभ केला. त्याच वर्षी वर सांगितलेल्या मुंबईच्या विश्वस्त कायद्यावरील खटल्यात, हिशेब व नोंदणी पाहण्याचा राज्याचा अधिकार मान्य झाला आणि विश्वस्तांच्या जागी स्वतः सरकारी अधिकारी बसविण्यासारखी काही कलमे रद्द झाली. बडोदे संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले असल्याने हा कायदा आपल्याकडील जुन्या देवस्थानांसही लागला. त्यांचे विश्वस्त या गोष्टी जाणून आहेत. १९७२ मध्ये तामिळनाडूतील पुजाऱ्यांच्या प्रश्नावर न्यायालय म्हणाले की, पूजा कशी करावी हा आगमांचा प्रश्न आहे. पण पुजाऱ्याची नेमणूक करणे हे कृत्य सेक्युलर आहे. ज्या वंशपरंपरागत पुजाऱ्यास ही व्याख्या ऐकावी लागली त्यास उद्देशिकेत शब्द आहे की नाही याने काय फरक पडणार होता? त्या वेळी तो तेथे नव्हताच.

संस्थानी शहरांत वाढलेल्या आपल्यासारख्यांना या विषयात एक वेगळी बाजू दिसते. राज्य आणि धर्म यांची फारकत संस्थानांनी कधी केली नाही. त्यांनी केली ती सर्वांस आश्रय देण्याची प्रथा. इंदुरात होळकरांच्या काळापासून मोहरमात 'सरकारी ताजिया' निघतो. बडोद्यात श्रावणमासातील दक्षिणा विद्वानांची परीक्षा घेऊन देण्याची पद्धत सयाजीरावांनी पाडली. १९१५ साली त्यांनी हिंदू पुरोहित निबंध केला व पौरोहित्य करणाऱ्यास परीक्षा देणे भाग पाडले. युरोपीय मापाने मोजले तर हे राज्य सेक्युलर नव्हते. पुरोहिताचे प्रमाणपत्र सरकारने काय म्हणून द्यावे? पण यजमानास न कळणारे मंत्र पुटपुटून दक्षिणा घेऊ नये, एवढी ऐहिक अपेक्षा त्यामागे होती. माझा असा कयास आहे की स्वतंत्र भारताने 'सेक्युलर' शब्द इंग्लंडचा घेतला तरी त्यात भरलेला आशय पुष्कळ अंशी संस्थानी आहे: सर्वांच्या उत्सवांस हजेरी, सर्वांस थोडेफार अनुदान, आणि सुधारणेसाठी अधूनमधून हस्तक्षेप. पूर्वीच्या त्रावणकोर संस्थानातील देवस्थानांसाठी केरळ व तामिळनाडू यांनी दरवर्षी द्यावयाच्या रकमा, अनुक्रमे ४६ लाख ५० हजार आणि १३ लाख ५० हजार रुपये, खुद्द घटनेच्या २९०-अ कलमात आकड्यांनिशी नमूद आहेत. हे कलम १९५६ मध्ये आले, आणि त्याच घटनेला पुढे 'सेक्युलर' म्हटले गेले.

ते 'पुढे' म्हणजे ४२ वी दुरुस्ती. आणीबाणीत, १९७६ च्या अखेरीस, विरोधी पुढारी तुरुंगात असताना ती संमत झाली आणि ३ जानेवारी १९७७ पासून उद्देशिकेत हे शब्द दाखल झाले. ज्या रीतीने आले ती रीत चांगली नव्हती, यात दुमत होण्याचे कारण नाही. पण त्यानंतरची हकीकत शब्द काढू पाहणारे सहसा सांगत नाहीत. १९७८ मध्ये जनता सरकारने आणीबाणीतील दुरुस्त्या निस्तरण्यासाठी विधेयक आणले. त्या सरकारात पूर्वीचे जनसंघाचे मंत्री होते. त्यांनी शब्द काढला नाही. उलट त्याची व्याख्या करू पाहिली: 'सेक्युलर' गणराज्य म्हणजे ज्यात सर्व धर्मांबद्दल समान आदर आहे असे गणराज्य. म्हणजे गांधीजींचा सर्वधर्मसमभाव. लोकसभेने ती व्याख्या मान्य केली. राज्यसभेत काँग्रेसचे बहुमत होते, तेथे ती गळली. म्हणून आज उद्देशिकेत शब्द आहे आणि त्याला व्याख्या नाही. शब्द घालणाऱ्यांनी व्याख्या नाकारली, आणि शब्दावर संशय असणाऱ्यांनी व्याख्या दिली, असा हा उलटा प्रकार.

ती व्याख्या राहिली नाही हे एका परीने बरे झाले असे मला वाटते. सर्व धर्मांस समान आदर हे संस्थानी औदार्य झाले; पण ज्याला कोणताच धर्म नको त्याचे काय? आणि एखाद्या धर्मातील अनिष्ट रूढीला कायद्याने हात घालावयाचा झाला तर 'समान आदर' आडवा येणार नाही काय? २०२४ च्या निर्णयात न्यायालयाने अधिक साधी मांडणी केली. राज्य कोणत्याही धर्माची पाठराखण करीत नाही व कोणाच्या धर्माचरणाबद्दल त्यास शासनही करीत नाही. सेक्युलर तत्त्व हे समतेच्या हक्काचेच एक अंग आहे. १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यापासून आणि पुढे १९९४ च्या बोम्मई खटल्यापासून हेच सूत्र चालत आले आहे. शब्द उद्देशिकेतून उद्या काढला तरी तत्त्व निघत नाही, असा त्याचा व्यावहारिक अर्थ.

याच शब्दाचा आणखी एक नवा प्रयोग १५ ऑगस्ट २०२४ रोजी लाल किल्ल्यावरून ऐकू आला. पंतप्रधान मोदी यांनी हिंदी भाषणात 'सेक्युलर सिव्हिल कोड' हा इंग्रजी शब्दप्रयोग योजिला. घटनेच्या ४४ व्या कलमात 'सेक्युलर' नाही. तेथे 'युनिफॉर्म', म्हणजे समान, असा शब्द आहे. दोन्ही एकच असे पुष्कळजण धरून चालतात. ते एक नव्हेत हे आपल्या गोमंतकीय बांधवांना विचारावे. गोव्यात १८६७ ची पोर्तुगीज दिवाणी संहिता सर्वांना लागू म्हणून प्रसिद्ध आहे व विवाहोत्तर मिळकतीत पती-पत्नींचा समान वाटा मानण्याच्या बाबतीत ती खरोखर पुढारलेली. परंतु त्याच व्यवस्थेत, १८८० च्या एका हुकुमान्वये, हिंदूंना विशिष्ट परिस्थितीत, जसे पहिल्या पत्नीस ठराविक वयापर्यंत अपत्य अथवा पुत्र न झाल्यास, दुसऱ्या विवाहाची मुभा ठेवलेली होती. प्रत्यक्षात ती कलमे निद्रिस्त आहेत. पण कायदा समान म्हणविला म्हणून तो ऐहिक होतोच असे नाही, एवढे त्यावरून दिसते. आणि ऐहिक कायदा समान असलाच पाहिजे असेही नाही.

सयाजीराव महाराजांनी १९३१ साली 'श्रीसयाजी शासन शब्द कल्पतरु' हा कोश प्रसिद्ध करविला. त्यात कारभारातील इंग्रजी शब्दांपुढे गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी, उर्दू, फारसी व बंगाली पर्याय शेजारी शेजारी मांडले आहेत. एका शब्दापुढे सात रकाने पाहिले की, कोणत्याच एका रकान्याला सगळा शब्द आपला म्हणता येत नाही, हे चटकन ध्यानात येते. आजच्या वादात भाग घेणाऱ्यांनी तसा एखादा तक्ता समोर ठेवला असता तर निम्मी भाषणे वाचली असती.

आणि आपण, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेले मराठी लोक, या वादाकडे 'तो हिंदू-मुसलमानांचा प्रश्न आहे' म्हणून तटस्थपणे पाहू शकत नाही. राज्याने कोणा एकाच्या बाजूस झुकू नये हे तत्त्व घटनेत जसे धर्मासाठी आहे तसेच भाषेसाठीही आहे. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी ठरविले की अल्पसंख्य कोण हे राज्याराज्यागणिक पाहावयाचे. म्हणून बडोद्यात, इंदुरात, ग्वाल्हेरीस, बेळगावात वा हैदराबादेस मराठी शाळा चालविणारी संस्था अल्पसंख्याकांची ठरू शकते. तिला आपली शाळा काढण्याचा व चालविण्याचा हक्क ज्या तिसाव्या कलमाने मिळतो त्याच कलमाने चर्चची शाळा आणि मदरसा चालतात. कलमाचे शब्द आहेत: 'धर्म किंवा भाषा' यांवर आधारलेले सर्व अल्पसंख्य वर्ग.